मुराळ्याची गाडी

लीलाधरची गाडी दोन दिवसांपासून बोरशांच्या अंगणात उभी होती आणि ती घ्यायची की नाही, याबद्दल घरातलं एकही माणूस धड एक वाक्य बोललं नव्हतं. तिच्याभोवती फिरणं मात्र सगळ्यांचं चालू होतं. आबांचा मुलगा युवराज दुकानात जाताना तिच्या टायरला बुटाचं टोक लावून जायचा. त्याची बायको शिल्पा तुळशीला पाणी घालताना पदराने टाकीवरची धूळ पुसायची आणि पुसताना कुणी पाहिलं तर नाही ना, हे बघायची. आबांची खाट ओट्यावर असल्यामुळे गाडी दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोरच होती. तीन वेळा त्यांनी विचारलं, "हाई गाडी कोनी शे?" तिन्ही वेळा त्यांना उत्तर माहीत होतं.

गाडी म्हणजे क्रूझर मोटारसायकल होती. लांबलचक, बुटकी, हँडल असं वर वळून मागे आलेलं की चालवणारा आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसावा. मागची सीट रुंद आणि पाठीला टेकायला गादीचा एक चौकोनी तुकडा. तेरा वर्षांची गाडी, पण लीलाधरने ती गोठ्यातल्या दुभत्या जनावरासारखी सांभाळली होती. आता त्याची कंबर गेली म्हणून तो ती विकत होता. "दोन दिवस ठेवा, चालवून पाहा," असं म्हणून त्याने नशिराबादहून स्वतः आणून दिली. बोदवडचा एक माणूस मागे लागला होता, म्हणून आज संध्याकाळी तो हो की नाही ते ऐकायला येणार होता. आणि उद्या अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण.

गाडी घ्यायची होती कामिनीला. आबांची धाकटी मुलगी, वय बेचाळीस, भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजत, भावाभावांची भांडणं ऐकत ती स्कुटीवरून गावोगाव हिंडायची. अकरा वर्षांपूर्वी भुसावळचं सासर सोडून आली ती या घरात राहिली. एका बांधाच्या मोजणीला नशिराबादला गेली होती, तेव्हा लीलाधरच्या पडवीत ही गाडी दिसली आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "विकायची आहे का?" आपण असं का विचारलं, हे तिला परतीच्या वाटेवर असोद्याच्या फाट्यापर्यंत कळलं नाही. फाट्यावर मात्र कारण सापडलं. फुई! धुळ्याची द्रौपदाबाई फुई, आबांची सख्खी बहीण. अखाजीला तिला माहेरी आणायला मुराळी लागतो आणि मुराळ्याला गाडी लागते.

कारण सापडल्यावर तिला फार बरं वाटलं. नंतर जो भेटला त्याला तिने तेच सांगितलं. पण आज पहाटे ती गाडी घेऊन एकटीच असोद्यापर्यंत जाऊन आली. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, खाली इंजिनचा संथ ठोका आणि पाय पुढे ताणून बसलेली आपण. त्या सबंध वाटेत फुईची एकदाही आठवण आली नाही. तेव्हापासून ती बेचैन होती.

*

स्वयंपाकघरात शिल्पा पुरणाची डाळ शिजवत होती आणि तिच्या पोटात चार वर्षांपासून शिजत असलेली गोष्ट आज उतू जायला आली होती.

द्रौपदाबाई चार वर्षं माहेरी आली नव्हती. आबांच्या खुब्याचं हाड मोडेपर्यंत ते स्वतः मुराळी होऊन धुळ्याला जायचे आणि बहिणीला आपल्या जुन्या मोटारसायकलवर मागे बसवून आणायचे. मुराळी आला नाही तर बाई माहेरी जात नाही, मग ती वीस वर्षांची असो की सत्तरची. आबांचा पाय गेल्यावर ते काम युवराजकडे आलं आणि युवराज नवी कोरी एसी कार घेऊन गेला. त्या एका वर्षी फुई आली. नंतर दर वर्षी काही ना काही निघायचं. गुडघा दुखतो, नातवाची परीक्षा, सून एकटी.

आबांनी आणि युवराजने त्याचा अर्थ लावला तो असा, की द्रौपदाबाई हक्कसोडावर रुसली. वडिलांची जमीन भावाच्या नावावर व्हावी म्हणून तिने पूर्वी सही दिली होती, ते तिला आता खटकत असणार. मागच्या वर्षी तर आबांनी युवराजला पाठवून निरोप दिला की हवी तर एकरभर तुझ्या नावावर करून देतो. फुईने कपाळाला हात लावला आणि विचारलं, "कोनी मांगी?" युवराजने घरी येऊन सांगितलं, "फार रागात आहे. बोललीच नाही धड."

खरं काय ते शिल्पाला ठाऊक होतं. फुईला बंद गाडी लागत होती. काचा वर, एसीचा वास, एरंडोल यायच्या आत तिला उलटी झाली, नव्या सीटवर. म्हातारी शरमेने अर्धी झाली होती. घरी पोहोचल्यावर शिल्पा युवराजला हळूच म्हणाली होती, "कव्हरं फेकूनच द्यावी लागतील आता." हळूच म्हणाली असं तिला वाटलं. वळून पाहिलं तर फुई मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

एवढंच. त्यावर कुणी काही बोललं नाही. फुईने परत जाताना शिल्पाच्या हातावर नेहमीसारखी साखर ठेवली. शिल्पाला मात्र तो तांब्या अजून दिसायचा.

*

चहा झाल्यावर सगळे ओट्यावर जमले. युवराजने सुरुवात केली, कारण या घरात सुरुवात तोच करतो.

"कामिनी, मी स्पष्ट बोलतो. दोन वर्षांत हिचं पासिंग संपतंय. पार्ट मिळत नाहीत. सेल्फ चालत नाही, चोक ओढून दहा मिनिटं मनधरणी करावी लागते. आणि तुझी स्कुटी काय वाईट आहे?"

"स्कुटीवर फुई बसेल का धुळ्यापासून?"

"फुईला आणायला कार आहे ना माझी! मी दर वर्षी विचारतो. ती येत नाही, त्याचं कारण गाडी नाहीये, तुला माहितीये."

आबा खाटेवरून म्हणाले, "जमीन शे कारन."

"जमीनच," युवराज म्हणाला.

"घ्या ना ताई गाडी," शिल्पा मध्येच बोलली. आवाज जरा चढाच लागला. "चांगली आहे. मागे टेकायला आहे, वारा लागतो. घेऊन टाका."

युवराजने बायकोकडे पाहिलं. ज्या बाईने त्याला बुलेटचा विषय काढल्यावर आठवडाभर अबोला धरला होता, ती हीच. "तुला काय झालं मध्येच?"

"मला काय व्हायचंय?"

"नाही, तू कधीपासून जुन्या गाड्यांच्या बाजूची झालीस?"

कामिनीलाही समजेना. दोन दिवस ती वहिनीच विरोध करेल म्हणून उत्तरं तयार करत होती आणि दादा मऊ पडेल असं धरून चालली होती. सगळं उलटंच निघालं. "वहिनी, तुम्ही नक्की माझ्या बाजूने बोलताय ना?"

"मी फुईंच्या बाजूने बोलतेय," शिल्पा म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. उलटी, कव्हरं, तांब्या, सगळं एका दमात बाहेर पडलं. शेवटी ती म्हणाली, "जमीन नाही हो आबा. माझं तोंड कारण आहे. आणि ती कार."

 युवराज खुर्चीतून पुढे सरकला. चार वर्षं तो वकिलाच्या ऑफिसात जाऊन हक्कसोडाबद्दल विचारत बसला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही जमिनीचंच घेऊन बसला होता. मला वाटलं, खरंच जमिनीचंही असेल. दोन्ही असेल."

आबा गाडीकडे बघत होते. बहीण आपल्यावर रुसली असं समजून त्यांनी चार वर्षं स्वतःलाच दोष दिला होता, आणि त्यांना आता हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "लई ले गाडी! आजच लई ले. माले मनी बहीन पाहिजे."

आणि सगळं फिरलं. युवराज उठून टाकी वाजवून बघायला लागला. चेन बदलून घेऊ म्हणाला, पासिंगचं आपण बघून घेऊ म्हणाला. शिल्पा डोळे पुसत म्हणाली की मागच्या सीटवर मऊ उशी शिवून देते. सगळ्यांचा होकार झाला होता. कामिनी मात्र खांबाला टेकून उभी होती आणि तिला आपली गाडी कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. हवं होतं ते मिळालं, तर मग हा राग कशाचा? तिला स्वतःचाच उलगडा होईना.

*

फोन आबांनीच लावायला सांगितला. स्पीकर सुरू करून युवराजने तो खाटेवर ठेवला.

"द्रौपदी, उद्या अखाजी शे. मुराळी येई राह्यना तुले लेवाले."

"भाऊ, मना गुडघा..."

"गुडघा ऱ्हाऊ दे. माले बठ्ठं समजनं. कार नही येवाव. कामिनी मोटरसायकल लई राह्यनी, तुनासाठे. उघडी गाडी शे, टेकाले शे."

 पलीकडून फुईचा आवाज आला. "कोनी सांगं तुले?"

"शिल्पानी."

शिल्पा पुढे वाकून म्हणाली, "फुई, माझं चुकलं हो." 

"आसं काय करस वं माय," फुई म्हणाली. "मनी उलटी, तुनं कव्हर. तू काय खोटं बोलनी का? कामिनी शे का तठे?"

"आहे फुई."

"गाडी मनासाठे लेस का?"

"हो."

"उद्या मी मरी गऊ, तं मंग ती गाडी तू ईकी टाकशी का?"

 उत्तर कामिनीजवळ लगेच तयार होतं, इतक्या लगेच की तिलाच धक्का बसला. नाही विकणार. फुई असो, नसो, ती कधीच ही गाडी विकणार नव्हती. पण हे आबांसमोर कसं म्हणायचं? सगळ्यांनी गाडी फुईच्या नावाने कबूल केली होती.

"बोल ना."

"नाही विकणार."

"मंग मना नाववर नको लेऊ," फुई म्हणाली. "मी काय येवाव नही त्या गाडीवर. सत्तर वरीसनी डोकरी, लोके हासतीन. भाऊ, तू जेव पोटभर. अखाजी गोड कर." आणि फोन बंद झाला.

युवराजने फोन उचलून उगाच दाबून पाहिला. "आता?"

"आता काय," शिल्पा हळू आवाजात म्हणाली.

"म्हणजे फुई येत नाही. मग गाडीचं कारणच राहिलं नाही." युवराज खुर्चीत परत बसला आणि त्याचं पासिंग, पार्ट, सेल्फ पुन्हा सुरू झालं. शिल्पा डाळ बघायला आत गेली. आबांनी भिंतीकडे कूस वळवली. मघाचा सगळा होकार जसा आला तसा निघून गेला.

फाटक वाजलं. लीलाधर कमरेला पट्टा बांधून सावकाश आत आला. गाडीजवळ थांबला, हँडलवर हात ठेवला आणि म्हणाला, "नमस्कार भाऊ. काय ठरलं मग?"

"नको," युवराज म्हणाला. "ज्या कामाला घ्यायची होती ते काम राहिलं नाही."

"बरं." लीलाधर किल्ली घ्यायला पुढे झाला. किल्ली कामिनीच्या मुठीत होती. तिने ती मूठ उघडली नाही.

"ठेवते मी," ती म्हणाली.

"अगं पण कशासाठी?" युवराजचा आवाज चढला. "ऑफिसला स्कुटी आहे. फुई येत नाही. सांग ना, कशासाठी?"

"माहीत नाही दादा. मला हवी आहे."

"हे काय कारण झालं?"

"नाही झालं. पण तेवढंच आहे." तिचे कान गरम झाले होते. लहानपणी शिलाई मशीन आलं ते आईसाठी, लग्न ठरलं ते आबांसाठी, सासरी टिकली ती लोकांसाठी, स्कुटी आली ती ऑफिससाठी. मला हवंय, एवढंच म्हणून तिने आजवर काही घेतलं नव्हतं आणि ते म्हणताना असं चोरी केल्यासारखं वाटतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

आबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "म्हनजे गाडी येई. द्रौपदी नही येवाव."

 कामिनीला वाईट वाटलं आणि तरी मूठ सैल झाली नाही. लीलाधरने या माणसाकडून त्या माणसाकडे पाहिलं. या घराचं नक्की काय चाललंय ते त्याला कळेना. "चोक अर्धाच ओढायचा," तो शेवटी म्हणाला. "पूर्ण ओढला की रुसते."

शिल्पा आतून हळद-कुंकू घेऊन आली. जुन्या गाडीची पूजा करतात की नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि टाकीला बोट लावलं.

*

धुळ्याला देवपुरात द्रौपदाबाई अखाजीच्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर उठल्या आणि उठल्यापासून स्वतःवर चिडलेल्या होत्या.

भावाला नाही का म्हटलं, हे त्यांना काल रात्रीपासून उमगत नव्हतं. म्हणायचं तर होतं एवढंच, की पोरी, तुला हवी असेल तर तुझ्यासाठी घे, माझं निमित्त करू नकोस. ते म्हणता म्हणता स्वतःचं माहेरच कापून टाकलं. समोरच्या घरी लेकी आल्या होत्या, निंबाला झोका बांधला होता. सून दिपमाला पितरांच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवत होती. द्रौपदाबाईंनी कुणी बघत नाही असं पाहून कापडी पिशवी काढली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, भावाला आवडतात म्हणून चार सांजोऱ्या. पिशवी दारामागे ठेवली.  येणार कोणीच नव्हतं.

ऊन अजून कोवळं होतं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी धडधड ऐकू आली. झोक्यावरच्या पोरी थांबल्या. लांब हँडलची गाडी वळण घेऊन दाराशी आली आणि तिच्यावरून कामिनी उतरली, ओढणीने तोंड बांधलेली, वर हेल्मेट.

द्रौपदाबाई पायरीवर आल्या. "मुराळी व्हयीसन उनी का तू?"

"नाही फुई. तू नाही म्हणालीस ना." कामिनीने हेल्मेट काढलं, ओढणी सोडली. केस घामाने चिकटले होते आणि चेहरा लहान मुलीसारखा खुलला होता. "माझी गाडी दाखवायला आले. पहाटे निघाले, पारोळ्याला चहा प्यायले. आता पाणी पिते आणि परत जाते, ऊन व्हायच्या आत."

द्रौपदाबाई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. टाकीवरचं कुंकू पाहिलं. मागची सीट हाताने दाबून पाहिली. तिच्यावर घाईघाईत शिवलेली उशी बांधली होती, टाके तिरपे आले होते.

"आठे कोन बसई?"

"कुणी नाही. वहिनीने उगाच बांधून दिली. रिकामीच आहे."

द्रौपदाबाई आत गेल्या. दिपमालाला वाटलं, पाणी आणायला गेल्या. पण त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या, पदर कमरेला खोचलेला. गल्लीतल्या बायका बघत होत्या आणि एकदोन जणी तोंडाला पदर लावून हसल्यासुद्धा.

"फुई?"

"मुराळी नही उना, तं नही उना," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि पायरीवरूनच सीटवर बसल्या. सीट खरंच बुटकी होती. गुडघा कुरकुरला नाही. "माले जावानं शे वं मना भाऊना घर. लई चाल."

कामिनीने अर्धाच चोक ओढला. गाडी तिसऱ्या वेळेला सुरू झाली.  हायवेवर वारा लागला तशी द्रौपदाबाईंनी मागे पाठ टेकली आणि कामिनीच्या कानाशी वाकून ओरडून विचारलं, "भाऊ इचारी, कशी उनी? तं काय सांगसू?"

"काय सांगशील?"

द्रौपदाबाईंनी पारोळ्यापर्यंत विचार केला. काही सुचलं नाही.